साखरपुड्याचा शर्ट

धुळ्याच्या देवपुरातल्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथे दरवर्षी हिवाळ्याच्या सुमाराला माझ्या वाट्याला एक खून येतो. नाटक जुनं, परदेशी, मराठीत आणलेलं. एक शूर सरदार आपल्या घरी मुक्कामाला आलेल्या राजाला झोपेत मारतो आणि स्वतः गादीवर बसतो. बायको त्याला भरीस घालते. पुढे दोघांचीही झोप उडते, बायको झोपेत चालत हात धूत राहते आणि शेवटी दोघंही जातात. एवढं ठाऊक असलं की पुढचं समजायला पुरे.

या सरदाराला मी मुलांना कधी माफ करू दिलं नाही. दरवर्षी कोणीतरी हळवा जीव बाकावरून उठतो आणि म्हणतो, मॅडम, तो मुळात वाईट नव्हता. मग माझा पारा चढतो. मी विचारते, पाप झालं कधी? सुरा चालवला तेव्हा? मुळीच नाही. पाहुणा आतल्या दालनात जेवतोय, याच्याच घरचं अन्न खातोय, आणि हा पंगत सोडून बाहेर येतो आणि मारू की नको याचा विचार करत उभा राहतो. तो जो विचार करण्याचा वेळ आहे ना, ते पाप. सुरा चालवणं म्हणजे नुसतं उरकणं. मुलं हे वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत मलाच परत देतात. त्यामुळे माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं.

खरं सांगायचं तर माझा राग ज्याच्यावर होता तो सरदार परदेशातला नव्हताच. तो पहूरच्या पलीकडे आमच्या गावात राहायचा, कापूस पेरायचा आणि नात्याने माझा थोरला काका लागायचा. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना सगळे नाना म्हणतात.

मी बारावीला होते तेव्हाची गोष्ट. आत्याच्या मुलीचा साखरपुडा गावातच होता. नानांनी त्यासाठी जामनेरहून पांढरं टेरिकॉटचं कापड आणलं आणि दोघा भावांनी एकाच शिंप्याकडून एकसारखे शर्ट शिवून घेतले. मोठी माय, म्हणजे आबांची बायको, त्या सकाळी दोघांना उभं करून म्हणाली होती, जुळे दिसता, फक्त एकाच्या डोक्यावर केस जास्ती आहेत. आम्ही सगळे हसलो होतो. आबा सगळ्यांत जास्त हसले होते.

पंगतीच्या आधी मुलाकडच्यांनी मुलीच्या मामांचा मान करायचा होता. टिळा, टोपी, टॉवेल. आता थोरल्या मामाचा मान पहिला, हे कोणाला सांगावं लागू नये. पण सकाळपासून वाढप्यांवर ओरडत नानाच फिरत होते, तेव्हा पाहुण्यांना तेच थोरले वाटले. टोपी नानांच्या डोक्यावर बसली. कोणीतरी खुदकन हसलं. नानाही हसले आणि टोपी तशीच राहू दिली. आबांचाही मान झाला, पण मागून. मग पंगत बसली. केळीची पानं आमच्याच बागेतून कापून आणलेली. दोघे भाऊ मांडीला मांडी लावून बसले. आबांनी चार घास खाल्ले आणि भरल्या पानावरून उठून गेले. कोणीतरी म्हणालं, अरे बोलवा त्यांना. नाना म्हणाले, येईल, रागीट आहे, येईल. आणि त्यांनी भात मागितला.

आबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेतावरचा सालदार धापा टाकत दारात आला आणि म्हणाला, बाग कापली. आमची निसवलेली बाग होती, घडांनी वाकलेली. मी नानांच्या मागे पळत गेले. ओळीच्या ओळी बुडातून आडव्या पडल्या होत्या, कोवळे घड मातीत रुतले होते आणि कापलेल्या खोडांतून अजून पाणी गळत होतं. आईने तिथेच फतकल मारली. नाना एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नुसते चालत राहिले.

आमच्या भागात असं होतं. माणसाला हात लावायचा धीर होत नाही, मग लोक बाग कापतात. पोलीस आले, त्यांनी विचारलं, कोणावर संशय? नाना म्हणाले, कोणावर नाही. अज्ञात माणसाने कापली, असं लिहिलं गेलं. गावाला मात्र काहीच अज्ञात नव्हतं. आबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या दिवसापासून नानांनी त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नाही.

त्या दिवसांत नाना एकच वाक्य म्हणायचे. "केळीचं काय, कंद परत लावता येतात. पण माझ्या शेजारी बसून जेवत व्हता अन् मनात इळा घेऊन बसेल व्हता." माझं सगळं शिकवणं त्या एका वाक्यातून आलेलं आहे. मुलं ते पुस्तकातलं समजतात.

आबांनी पुढच्या वर्षी स्वतःची केळी काढून टाकली आणि कापूस लावला. पाणी कमी पडतं, असं ते सांगत. आम्ही म्हणायचो, आता कोणी यांची कापेल याची भीती वाटत असेल. एकदा पहूरच्या स्टँडवर मी एकटीच बसची वाट पाहत होते, संध्याकाळ उतरत होती. आबा कुठून तरी आले आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर उभे राहिले. बोलले नाहीत. बस आली, मला जागा मिळाली हे खिडकीतून पाहिलं, मग गेले. मला वाटलं होतं तेही बसला आले असतील.

गेल्या वर्षी आबा गेले. नाना स्मशानापर्यंत गेले, फाटकाशी उभे राहिले आणि तिथूनच परत आले. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मोठ्या मायला एकच गोष्ट हवी होती. नानांनी त्या दिवशी पंगतीला यावं, आबांच्या नावाचे दोन घास खावेत. तिने निरोपांवर निरोप पाठवले. आत्याला मध्ये घातलं, मलाही फोन केला. नानांचं उत्तर ठरलेलं. "ज्यानं पंगतीत बसून माझं वाटोळं ठरवलं, त्याच्या नावाच्या पंगतीत मी बसणार नाही." मी मोठ्या मायला फोनवर सांगितलं की नाना ऐकणार नाहीत. मनातून मला नानांचंच पटत होतं.

तिची मुलगी शिरपूरला असते. तिकडे जाता जाता मोठी माय माझ्याकडे देवपूरला उतरली. आमच्या दोन घरांमधला उरलेला धागा तीच. भांडण झालं तरी माझ्या प्रत्येक परीक्षेच्या वेळी गपचूप लाडू पाठवणारी. आली ती एक पिशवी पोटाशी धरून, आणि ती पिशवी तिने कपाटात ठेवू दिली नाही.

त्याच दिवशी माझ्या हॉलमध्ये तालीम होती. कॉलेजचा हॉल परीक्षेसाठी अडकलेला, म्हणून स्नेहसंमेलनासाठी त्याच नाटकाचा एक तुकडा मी घरीच बसवत होते. सोफा भिंतीला लावला, मुलांनी चपलांचा ढीग केला आणि हात धुण्याचा प्रवेश सुरू झाला. मोठी माय खिडकीशी मेथी निवडत बसली होती. राणी झालेली मुलगी शिरपूरच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याची. आवाज खणखणीत, पण हात काही केल्या धुतले जात नव्हते. ती वैतागून म्हणाली, "मॅडम, बठ्ठं पाठ शे, पन हे हात धोवानं काही जमी नही ऱ्हायनं."

मोठी माय मेथीतून मान वर न काढता म्हणाली, "अवं, पाण्यानं जाते का ते? पाणी लागलं की मंग तर उमटते."

मुलं हसली. "आजी, रक्त आहे ते, रक्त!"

"आस्सं, रगत व्हय," ती म्हणाली आणि परत मेथीत शिरली.

मलाही हसू आलं, कारण तिच्या डोक्यात काय होतं ते मला कळलं होतं. केळीच्या घरात हे कोणाला शिकवावं लागत नाही. केळीचा चीक ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, कपड्यावर पडला तर कळतही नाही. धुतला तरी वाळला की तपकिरी होतो, मग काळा, आणि तो डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. म्हणून केळीत जाताना माणूस घरातले सगळ्यांत जुने कपडे घालतो. हे मी मुलांना सांगितलं. त्या मुलीने ऐकून घेतलं, आणि पुढच्या खेपेला तिने हात चोळलेच नाहीत. नुसते समोर धरून पाहत राहिली, डाग आता उमटेल म्हणून.

मुलं गेल्यावर आम्ही दोघी चहा पीत बसलो. मोठी माय बशीत चहा ओतत म्हणाली, "त्या माणसानं आधी ठरवलं व्हतं का गं, मारायचं?"

"हो. तेच तर सगळं नाटक आहे."

"अन् ठरवलं नसतं तर? मारलं असतं तसंच, पण ठरवलं नसतं?"

मी माझ्या मास्तरकीत होते. म्हटलं, "तर मग नाटक झालं नसतं. नुसता गुन्हा झाला असता. त्याला कोर्ट पुरे."

ती हळूच म्हणाली, "मंग तुझ्या आबाचं नाटक नाही होत, माय."

इतक्या वर्षांत त्या बागेबद्दल त्या घरातून आलेलं हे पहिलं वाक्य. तिने पिशवी मांडीवर घेतली, आतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि उलगडून माझ्यासमोर धरलं. पांढरा टेरिकॉटचा शर्ट. कॉलर अजून कडक, काजं नवीकोरी. आणि दोन्ही बाह्या, छाती, पोट, सगळं काळ्या ओघळांनी भरलेलं.

तिने सांगितलं ते असं. साखरपुड्याच्या संध्याकाळी आबा घरी आले ते नखशिखांत चिखलाने भरलेले. पाटात पडलो म्हणाले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. नवा शर्ट गेला म्हणून तिने हळहळत तो लगेच साबणाने धुतला आणि अंगणात वाळत घातला. चिकाचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. नवा शर्ट घालून केळीत कोण जाईल? सकाळी ऊन वर आलं, शर्ट वाळला आणि दोरीवरच तो काळा पडत गेला. तोवर गल्लीभर झालं होतं की नानांची बाग कापली. तिने शर्ट ओढून घेतला आणि कोठीत धान्याच्या खाली घातला.

"त्यांना विचारलं नाही तू?"

"काय विचारू? एकदा ते म्हणाले, तो शर्ट कुठी गेला? मी म्हटलं, उंदरानं खाल्ला. ते म्हणाले, बरं झालं. त्याच्यावर आम्ही कधी बोललो नाही. पण मी ताटात केळं ठेवलं की उठून जायचे."

आबांचे सगळे कपडे तिने बाराव्याला वाटून टाकले होते. हा कोणाला देता येत नव्हता. म्हणून शिरपूरची बस तापीच्या पुलावर आली की लोक नाणी टाकतात तसा तो खिडकीतून टाकायचा, असं ठरवून ती निघाली होती. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझे बाबा असं करूच शकत नाहीत, यावर ती आयुष्यभर भांडत आलेली.

मला आधी राग आला. चांगलाच आला. मला ती आडवी पडलेली बाग आठवली, आईचं रडणं आठवलं. मी म्हणाले, म्हणजे तुला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, हो. मी रागाने शर्ट हातात घेतला, आणि त्या कॉलरवरच्या शिंप्याच्या चिठ्ठीकडे बघता बघता माझी गाडी अडली. केळीच्या घरात जन्मलेला, केळीत म्हातारा होत आलेला माणूस बाग कापायला निघतो आणि अंगात कोरा पांढरा शर्ट? घर वाटेवरच होतं. जुना बनियन खुंटीला होता. ज्याने पंगतीत बसून ठरवलं असतं, त्याने आधी शर्ट बदलला असता. हे काही मी नाटकातून शिकले नव्हते, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आबा पंगतीतून उठले, सरळ चालत राहिले, वाटेत बाग लागली आणि बागेतल्या खोपीत विळा होता. बस. ठरवायला मध्ये वेळच नव्हता.

ज्या शर्टाने आबा गुन्हेगार ठरत होते, त्याच शर्टाने नानांच्या मनातला तो मनात विळा घेऊन बसलेला भाऊ नाहीसा होत होता. मी मोठ्या मायला म्हटलं, हा तापीत टाकायचा नाही. नानांना दाखवायचा. ती घाबरली. "अगं, मंग ते काही केल्या येणार नाहीत. आता निदान डोळ्यांनी तर नाही पाहिलं त्यांनी." मी खूप समजावलं. शेवटी ती म्हणाली, "मी एकटी नाही जाणार." मी रजा टाकली.

आम्ही गावी पोचलो तेव्हा नाना अंगणात खाटेवर बसले होते. वहिनीला पाहून उठून उभे राहिले. तिच्याशी ते कधीच वाईट वागले नाहीत. तिने शर्ट खाटेवर पसरला आणि स्वतः खाली ओट्याच्या पायरीवर बसली. नाना वाकले. चीक त्यांनी ताबडतोब ओळखला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. जबडा आवळला गेला. मग त्यांनी कापड अंगठ्याने चोळून पाहिलं, कॉलर उलटी केली आणि तसेच थांबले.

नाना म्हणाले, "हा तर साखरपुड्याचा व्हय. हा घालून गेलता?"

"हो, नाना."

"घरी नाही आला? कपडे बदलाले?"

"नाही. सरळ पंगतीतून गेले. मले चिखलच वाटला."

नाना खाटेवर बसले. शर्ट मांडीवर घेतला. बाही हाताने सारखी करत म्हणाले, "येडा. नवा शर्ट घालून केळीत गेला येडा." आणि ते रडायला लागले. माझ्या वडिलांना मी बाग कापली तेव्हा रडताना पाहिलं नव्हतं. आता ते तोंड उघडं टाकून रडत होते.

मग त्यांनी डोळे पुसले आणि वर पाहून विचारलं, "वहिनी, हा आधी कायले नाही दाखवला? तो व्हता तव्हा?"

मोठ्या मायचे ओठ हलले. "मले वाटे, हा दिसला तर तुम्ही त्याले कधीच माफ करणार नाही."

ती आबांना वाचवत होती, आणि तिने वाचवलं म्हणून दोघे भाऊ एकमेकांना परके होऊन म्हातारे झाले. नानांनीही ते मनात पुरं केलं असावं, कारण त्यांनी तिला पुढे एकही बोल लावला नाही. उलट म्हणाले, "तो पानावरून उठला तव्हा मले समजलं व्हतं, टोपीचं लागलं. मी उठलो असतो अन् हात धरला असता तर तो बसला असता. मी भात मागत बसलो." मग आईला हाक मारून म्हणाले, वहिनीला चहा टाक. पंगतीला येईन की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची हिंमत झाली नाही.

धुळ्याला परतल्यावर मी वर्गात गेले. फळ्यावर तोच प्रश्न लिहिला, पाप कधी झालं? एक मुलगा माझंच उत्तर माझ्याच शब्दांत म्हणायला लागला. मी त्याला थांबवलं. त्या सरदाराला मी अजूनही माफ करत नाही. त्याने विचार केला होता, पुरता केला होता. पण आपण ज्याला ज्याला तो सरदार समजतो, त्याने तसा विचार केलाच होता का, हे विचारायचं माझ्या घरात सगळ्यांचं राहून गेलं. एवढंच मी मुलांना म्हणाले. परीक्षेत येणार का, असं कोणीतरी विचारलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आबांचा फोटो ओसरीत मांडला होता आणि त्याच्यापुढे त्यांच्या नावाचं केळीचं पान वाढलं होतं. मोठी माय दाराशी उभी होती. शिरपूरची मुलगी तिच्याशी बोलत नव्हती. तिला तो शर्ट आदल्या दिवशी दाखवला होता, आणि ते सोसायला तिला वेळ लागणार होता. पाहुणे पंगतीला बसले. नाना दिसेनात. मोठी माय मला म्हणाली, "जाऊ दे माय, वाढायला सांग." तेवढ्यात ते फाटकातून आत आले, पाय धुतले आणि कोणाकडे न बघता पंगतीच्या टोकाला मांडलेलं आपलं पान उचललं. ते त्यांनी फोटोपुढच्या पानाशेजारी ठेवलं आणि मांडी घालून बसले.

त्यांनी सगळं खाल्लं. भात मागितला नाही. पंगत उठली, लोक हात धुवायला गेले, दुसरी पंगत अंगणात खोळंबून उभी राहिली. नाना आपल्या रिकाम्या पानापुढे बसूनच होते. शेजारच्या पानावरचं सगळं जसंच्या तसं होतं. वाढणाऱ्या पोराने वाकून सांगितलं, नाना, उठता का, दुसरी पंगत बसवायची आहे.

नाना म्हणाले, "थांब जरा. भाऊचं होऊ दे."